श्रद्धेच्या वाटा – लेखांक ६ : वाद घालून कोणाचं मन बदलतं का?

तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : शेजारच्या मशीनवरचा सोबती दर रविवारी चर्चला जाणारा, आपण स्वतः कुठलाच देव न मानणारे. जेवणाच्या सुट्टीत दोघांची रोज जुंपते. यातून कधी कोणाचं मत बदलतं, की नुसताच डबा गार होतो?

या प्रश्नाला मराठी मुलुखात दोनशे वर्षांचा इतिहास आहे. फरक एवढाच, की तेव्हाच्या पाद्र्यांसमोर बसणारे बहुतेक जण देव मानणारेच होते, त्यांचा देव वेगळा होता इतकंच. पुरता नास्तिक त्या काळी विरळा. पण ख्रिस्तावर विश्वास नसलेला माणूस आणि तो असलेला माणूस समोरासमोर बसले की काय होतं, हे पाहायचं तर आपल्याकडे दाखले भरपूर आहेत आणि ते लिहून ठेवलेले आहेत.

सगळ्यात गाजलेला वाद मुंबईच्या वाळूतला. विष्णुबावा ब्रह्मचारी, मूळचे विष्णू भिकाजी गोखले, आधी कस्टम खात्यात नोकरी करत. ती सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला गेले आणि तिथून परतून वेदोक्त धर्माची व्याख्यानं देऊ लागले. 1857 च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर ते आणि पाद्री यांच्यात प्रश्नोत्तरं चालली. ऐकायला गर्दी लोटायची. मे अखेरीस हे थांबलं, तोवर उत्तरेत उठाव पेटला होता. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याचा वृत्तान्त त्याच वर्षी इंग्रजीत छापला, मराठीत तो पुढे ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ म्हणून आला. पाच महिन्यांच्या अखेरीला विष्णुबावांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि पाद्रीही वेदान्ती झाले नाहीत. बंगळूर-मुंबई सामना अनिर्णित राहावा तसं झालं म्हणावं, तर क्रिकेटमध्ये निदान पंच तरी असतात.

पण थोडं पुढे पाहू. 1859 साली विष्णुबावांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ निघाला. त्यात वर्ण जन्माने ठरत नाही, गुणांवर ठरतो, असं ते सांगतात. 1867 च्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’त तर त्यांनी सगळी प्रजा एक कुटुंब आणि जमीन सर्वांची, अशी राज्यव्यवस्था मांडली. हे सगळं पाद्र्यांमुळे सुचलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तरी माझं मत असं, की भर बाजारात तुमच्या धर्मातली विषमता कोणी दर आठवड्याला दाखवून देत असेल, तर उत्तर देता देता तुम्ही आपला धर्मच नव्याने मांडू लागता. विष्णुबावा हरले नाहीत, पण जे मत घेऊन ते आले होते ते जसंच्या तसं उरलंही नसावं.

आणि ज्याने हा वृत्तान्त छापला त्या बोवेनची गोष्ट तर अधिक बोलकी. हा तरुणपणी न्यूयॉर्कमधला पक्का अश्रद्ध. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती आजारात गेली आणि तिने आपलं बायबल त्याच्यासाठी मागे ठेवलं. ते तो वाचत गेला आणि 1844 च्या सुमारास ख्रिस्ती झाला. 1848 साली तो मुंबईला आला, मिशनचा पगार सोडला, बाजारात गरिबीत राहिला आणि 1888 साली वारला. चाळीस वर्षं रस्त्यावर उभं राहून प्रवचनं केली, पण त्याच्या हातून झालेले बाप्तिस्मे अगदी मोजके. स्वतः वादाने न बदललेला माणूस दुसऱ्यांना वादाने बदलू पाहत होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

वादाने माणूस बदलल्याचं खरं उदाहरण हवं तर ते काशीत सापडतं. नीळकंठशास्त्री गोरे, चित्पावन, 1825 चा जन्म. विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याला गप्प करायचं म्हणून ते त्याच्याकडे जाऊ लागले. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती बाजूचा ग्रंथ संस्कृतात लिहिला होता, त्याला गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातच उत्तर दिलं. उत्तर भक्कम होतं. म्हणजे वादात ते वरचढच होते म्हणा. पण खंडनासाठी बायबल वाचावं लागलं, वाचता वाचता स्वतःचेच प्रश्न उभे राहिले, आणि 14 मार्च 1848 रोजी त्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे हे त्यांचं पुढचं नाव. बाप्तिस्मा झाल्यावरही शंका संपल्या नाहीत. 1895 साली मरेपर्यंत त्या माणसाचं मन स्वतःशी झगडत राहिलं. मला गोऱ्यांविषयी विशेष आदर आहे तो यासाठी. मतांतर म्हणजे एका पेटीतून उचलून दुसऱ्या पेटीत ठेवणं, असं आपल्याला वाटतं. गोऱ्यांकडे पाहिलं की ते तसं नसतं हे कळतं.

याच गोऱ्यांची पुढे पुण्यात पंडिता रमाबाईंशी गाठ पडली. रमाबाई संस्कृताच्या जाणत्या, त्यामुळे बोलणं बरोबरीचं झालं आणि गोऱ्यांच्या लिखाणाचं ऋण त्यांनी पुढे मान्य केलं. तरी इंग्लंडला निघाल्या तेव्हा ख्रिस्ती होण्याचा विचार नव्हता. तिथे लंडनजवळ फुलहॅमला ‘वाट चुकलेल्या’ बायकांना मायेने सांभाळणाऱ्या ख्रिस्ती बहिणी त्यांनी पाहिल्या, हे का करता म्हणून विचारलं, आणि उत्तर म्हणून बायबलातल्या शोमरोनी बाईची गोष्ट पुढे आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्याच बहिणींशी त्यांचे धर्मतत्त्वांवरून पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी मान तुकवली नाही.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट आपल्यासारख्या लोकलवाल्यांना जवळची वाटेल, कारण ती रेल्वेत घडली. 1893 साली नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, आदराने वागला आणि उतरण्याआधी नवा करार हातात ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून गेला. टिळकांना त्याचं नावसुद्धा पुढे कधी कळलं नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता ही गोष्ट चर्चमध्ये चमत्कार म्हणून सांगतात. पण टिळक त्या डब्यात चढले तेव्हाच जुन्या धर्मावरून त्यांचं मन उडालेलं होतं आणि जातिभेद नसलेला एखादा नवा धर्म काढावा, असे बेत त्यांच्या डोक्यात चालू होते. दार आधीच किलकिलं होतं.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं दार मात्र घट्ट बंद होतं. नवरा बाटला म्हणून त्या कोलमडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. टिळकांसारखा बोलका माणूस, पण त्यांच्या बोलण्याने बाई हलल्या नाहीत. मग एके दिवशी, कोणी समजावायला समोर नसताना, जाती देवाने केल्या की माणसाने, हा विचार त्यांच्याच मनात उभा राहिला आणि सोवळं गळून पडलं. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधला तो भाग पाद्र्यांनीही वाचावा आणि बुद्धिवाद्यांनीही.

बोलण्याने मन बदलण्याआड तेव्हा एक वेगळीच गोष्ट यायची. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. त्यावरून जे ग्रामण्य माजलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. पाद्र्याचं तासभर ऐकलं याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती चहाची! धर्म बदलण्याची किंमत तर्काने ठरत नव्हती, पंक्तीने ठरत होती.

आणि आज? वाणगाव, डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर हीच पंक्तीची गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. तलासरीत जेझुइट पाद्र्यांचं काम आहे आणि 1945 च्या वारली उठावापासूनचा लाल बावटाही आहे, म्हणजे प्रार्थना करणारे आणि देवाशिवाय न्याय मागणारे, दोघेही शेजारी. पाड्यावर कोणी प्रार्थनेला जाऊ लागतं तेव्हा आधी कोणी वादात हरलेलं नसतं. बहुधा घरात आजारपण असतं, भगताचा उपाय लागू पडलेला नसतो, आणि कोणीतरी येऊन बसलेलं असतं. मग लग्नात देव कोणी मांडायचे, हिरव्याला, वाघोबाला मानायचं की नाही, यावरून भावाभावांत अबोला. त्यात सरकारी दाखल्याची भर. अनुसूचित जमातीच्या माणसाचा दर्जा धर्म बदलल्याने जात नाही, पण अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर 1950 च्या आदेशाप्रमाणे सवलत जाते. धर्मप्रचाराचा हक्क घटनेच्या 25 व्या कलमात आहे, मात्र दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. इतकं सगळं डोक्यावर असताना निव्वळ श्रद्धेविषयी मोकळं बोलणं अवघडच.

बाहेरच्या जगाचंही थोडं सांगतो. 1948 साली बीबीसी रेडिओवर बर्ट्रांड रसेल आणि फादर कोपल्स्टन ईश्वराच्या अस्तित्वावर भिडले. दोघेही जसे आले तसे घरी गेले. उलट 2016 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष आला. मायामीत घरोघर जाऊन सुमारे दहा मिनिटं बोलणाऱ्यांनी समोरच्यालाच त्याचा स्वतःचा अनुभव विचारला, तेव्हा ट्रान्सजेंडर माणसांविषयीचा आकस कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनीही टिकून होता. विषय धर्माचा नव्हता, त्यामुळे फार ओढूनताणून लावू नये.

तर प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला माझं उत्तर असं : बदलतं, पण समोर बसलेल्याचं त्याच वेळी बदलणं जवळजवळ अशक्य. चारचौघांत तर नाहीच, कारण तिथे मत सोडणं म्हणजे तोंडघशी पडणं. बदलतं ते बाजूला बसून ऐकणाऱ्याचं, नाहीतर घरी गेल्यावर एकटं वाचणाऱ्याचं. आणि बदल तुम्हाला हव्या त्या दिशेनेच होईल याची खात्री नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पाद्र्यांशी त्यांचं आयुष्यभर बोलणं होतं, ब्राह्मणी धर्मावरचे त्यांचे आक्षेप त्या सहवासात धारदार झाले. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक घर आहे : बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही. आपल्या भागात असं एखादं घर तुम्हाला ठाऊक असेल तर जरूर कळवा, नावं छापणार नाही.

पुढच्या आठवड्यात : तारापूरचा किल्ला. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, तोवर दोन शतकं या किनाऱ्यावर धर्मांतरं कशी झाली आणि त्यांत बोलण्याचा भाग किती होता, ते पाहू.