शोधाच्या चौकटीची किंमत

सोयाबीनची रास झाली की ढोकी परिसरात भावाची विचारपूस सुरू होते. लातूरच्या आडतीवर आज काय निघाला, बार्शीत काय, धाराशिवात काय? लातूर-बार्शी रस्त्यावरच्या या गावात पूर्वी ही खबर माल घालून परतलेला टेम्पोवाला द्यायचा, नाहीतर एसटीनं आलेला कुणी पाहुणा. आता फोनच्या पडद्यावर एक पांढरी चौकट असते. तिच्यावर बोट ठेवायचं आणि माइकला सांगायचं, ‘सोयाबीन भाव लातूर’. उत्तर लगेच येतं. ही चौकट तिथं कुणी आणि का ठेवली, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही, कारण ती नव्या फोनबरोबरच आलेली असते.

ती तिथं असावी म्हणून कुणीतरी पैसे मोजलेले असतात, आणि ते थोडेथोडके नाहीत. ब्राउझर बनवणाऱ्या, फोन बनवणाऱ्या आणि सिमकार्ड देणाऱ्या कंपन्यांनी आपलंच शोधयंत्र आधीपासून लावून द्यावं, यासाठी गुगलनं २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर दिले. तेव्हाच्या दरानं हे जवळपास दोन लाख कोटी रुपये होतात. पुढच्या वर्षी एकट्या ॲपलला २० अब्ज डॉलर मिळाले. आयफोनवरच्या सफारी ब्राउझरमधून जो शोध होतो, त्यावरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ३६ टक्के वाटा ॲपलला जातो. कंपन्यांनी हे आकडे जपून ठेवले होते. अमेरिकेच्या न्याय विभागानं ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलवर मक्तेदारीचा खटला भरला आणि त्याच्या सुनावणीत ते उघड झाले.

आता साधा प्रश्न असा की, माल चांगला असेल आणि लोक तो स्वतःहून घेणारच असतील, तर दोन लाख कोटी कशासाठी? गुगलचा बचाव हाच होता. आमचं शोधयंत्र उत्तम आहे म्हणून लोक ते वापरतात आणि ज्याला नको तो दोन-चार बोटांत बदलू शकतो. खटला चालवणारे न्यायाधीश अमित मेहता मूळचे गुजरातेतल्या पाटणचे. गुगलचा दर्जा चांगला आहे हे त्यांनी मान्य केलं. पण ५ ऑगस्ट २०२४ च्या निकालात त्यांनी स्पष्ट लिहिलं की गुगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी तिनं कायदा मोडला आहे.

त्या निकालातला एक तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो. मायक्रोसॉफ्टचं ‘बिंग’ हे शोधयंत्र एकूण शोधांमध्ये जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास आहे. पण मायक्रोसॉफ्टच्याच ‘एज’ ब्राउझरवर, जिथं बिंग आधीपासून लावलेलं असतं, तिथं सुमारे ८० टक्के शोध बिंगवर होतात. एज वापरणारी माणसं काही वेगळ्या जातकुळीची नसतात. समोर जे आलं ते त्यांनी वापरलं, एवढंच. गुगलनं पैसे मोजले ते माणसाच्या या सवयीसाठी.

आणि इथंच हा विषय बाजारपेठेच्या भांडणातून उठून आपल्या खासगी आयुष्यात येतो.

सोयाबीनचा भाव विचारताना तीन शब्द जातात, पण एकटे जात नाहीत. वेळ जाते, फोनचं मॉडेल जातं, कोणत्या भागातून विचारलं ते जातं, ठिकाण दाखवण्याची परवानगी दिली असेल तर शिवारापर्यंतची जागा जाते, आणि खातं उघडं असेल तर माणूस कोण तेही. महिन्याभरात त्याच फोनवरून बोअरवेलचा खर्च, सोनेतारण कर्जाचा व्याजदर, गुडघेदुखीवरचा उपाय, मुलीच्या नर्सिंगची फी असे प्रश्न जातात. सुटासुटा प्रत्येक प्रश्न किरकोळ आहे. एकत्र ठेवले की घरात पैशाची ओढ आहे, पाणी आटलं आहे, घरातलं कुणीतरी आजारी आहे आणि लेक शिकायला बाहेर निघाली आहे, एवढं कळतं. शेजाऱ्यालाही जे सांगत नाही, ते इथं नोंदलं जातं. मग शोधाच्या निकालावर जाहिरातीच्या ज्या जागा असतात त्यांचा लिलाव लागतो. तो क्षणार्धात लागतो आणि क्षणार्धात संपतो. सोनेतारण कर्ज विचारणाऱ्यासमोर कोणत्या सावकारी ॲपची जाहिरात येणार, हे तिथं ठरतं.

ढोकीला तेरणा साखर कारखान्यामुळं ऊस घालण्याचा व्यवहार पिढ्यांपासून ठाऊक आहे. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, हातात पावती पडते, किमान भाव सरकारी एफआरपीनं (रास्त आणि किफायतशीर दरानं) ठरलेला असतो. काटामारीचा संशय आला तर शेतकरी जाब विचारतो. आपल्या माहितीच्या व्यवहारात काटाच नाही. किती गेलं, कुणाला गेलं, काय भावानं गेलं, याची पावती कुणी देत नाही, त्यामुळं जाब विचारायलाही जागा उरत नाही.

या माहितीचा दुसरा उपयोग जाहिरातीहून मोठा आहे. कोणत्या प्रश्नाला लोकांनी कोणत्या दुव्यावर बोट ठेवलं, कुठून लगेच मागं फिरले, यावरून शोधयंत्र शिकतं. मेहतांच्या निकालात हिशेब आहे: गुगलकडं तेरा महिन्यांत जेवढी माहिती गोळा होते, तेवढी गोळा करायला बिंगला सतरा वर्षांहून जास्त लागतील. म्हणजे पैसे देऊन जागा घ्यायची, जागेमुळं शोध येतात, शोधांमुळं यंत्र सुधारतं, सुधारलं की जाहिराती वाढतात आणि त्या पैशातून पुन्हा जागा. नवा कुणी उभा राहायचा तर या चक्रात शिरणार कुठून?

मराठीच्या बाबतीत ही अडचण आणखी घट्ट होते असं माझं मत आहे. इंग्रजीत शोधणारे जगभर आहेत, त्यामुळं छोट्या शोधयंत्रालाही शिकण्यापुरते प्रश्न मिळतात. ‘हुमणी अळीवर उपाय’ किंवा ‘वारस नोंद कशी करायची’ असं विचारणारे मात्र आपणच. ते सगळे प्रश्न एकाच चौकटीत जात असतील तर दुसऱ्या कोणत्याही यंत्राला चांगली मराठी कधीच येणार नाही. पाळत न ठेवण्याचं वचन देऊन २००८ साली सुरू झालेलं ‘डकडकगो’ घ्या. ते तुमचा इतिहास साठवत नाही, जाहिरात फक्त त्या वेळच्या शब्दांवर दाखवतं. म्हणजे पाळतीशिवायही शोधाचा धंदा चालतो. पण मराठीत त्याची उत्तरं तोकडी निघाली की माणूस एका दिवसात परत येतो. खासगीपणा जपायचा तर मराठी सोडा, आणि मराठी हवी तर खासगीपणा सोडा, अशी ही कोंडी आहे. ती फोडण्याची जबाबदारी एकट्या वापरणाऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडं ही जबाबदारी भारतीय स्पर्धा आयोगाची. भारतातल्या शंभरातल्या पंच्याण्णवच्या आसपास फोनवर गुगलचं अँड्रॉइड असतं. तिघा तरुणांच्या तक्रारीवरून आयोगानं २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. दंडापेक्षा त्या आदेशात उलगडलेली करारांची रचना जास्त महत्त्वाची आहे. फोन बनवणाऱ्या कंपनीला ‘प्ले स्टोअर’ हवं असेल तर गुगलच्या इतर ॲप्सची सगळी मोट घ्यावी लागे. प्ले स्टोअरशिवाय फोन कोण घेणार? त्या मोटेत शोधाचं ॲप, क्रोम ब्राउझर आणि पहिल्या पडद्यावरची ती चौकट आलीच. शिवाय दुसरं शोधयंत्र न लावण्याबद्दल उत्पन्नात वाटा मिळे. दोन्ही बाजूंनी बांधलेला हा व्यवहार आयोगानं सोडवायला सांगितला, आणि नवा फोन सुरू करताना कोणतं शोधयंत्र हवं ते ग्राहकाला विचारा, असंही बजावलं.

गुगल अपिलात गेली. १९ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती नाकारली आणि सहाच दिवसांत कंपनीनं भारतात निवडीचा पडदा आणण्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीपासून लावलेली ॲप्स काढून टाकण्याची मुभा द्या, हा त्यांतला एक. निवडीचा पडदा मात्र वाचला.

पण तो पडदा दिसतो कुणाला? फक्त नवा फोन पहिल्यांदा सुरू करणाऱ्याला. आणि ढोकीसारख्या गावात नवा फोन पहिल्यांदा सुरू करतो तो बहुधा मोबाईलच्या दुकानातला पोऱ्या. तोच सिम घालतो, ईमेल खातं काढतो, पासवर्ड कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून देतो, येणाऱ्या प्रत्येक पडद्यावर ‘पुढे’ दाबत जातो आणि व्हॉट्सॲप चालू करून फोन हातात देतो. त्याची चूक नाही. रांगेत चार गिऱ्हाइकं उभी असतात. पण देशाच्या आयोगानं इतकी वर्षं झगडून मिळवलेली निवड त्या काउंटरवर दुसऱ्याच्याच बोटानं संपते.

निवड नीट विचारली तर माणसं काय करतात, याचा पुरावा आहे. ॲपलनं एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर एक बदल केला: दुसऱ्या ॲप्समध्ये आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढायचा असेल तर ॲपनं आधी परवानगी विचारायची. प्रश्न सरळ, उत्तरं दोनच. असंख्य लोकांनी नकार दिला. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं की या एका बदलामुळं त्या वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल. लोकांना खासगीपणाची पर्वा नसते असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. त्याच ॲपलनं शोधाच्या चौकटीसाठी गुगलकडून वर्षाला वीस अब्ज घ्यावेत, हेही तितकंच खरं आहे, आणि मला ते खटकतं. फायरफॉक्स बनवणारी मोझिला खासगीपणासाठी उभी असते, पण तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलच्याच कराराचा असतो. करारांची पकड एवढी आहे की विरोधकांचं पोटही त्यावरच चालतं.

मेहतांनी सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगितले. क्रोम विकायला लावलं नाही, पैसे देण्यावरही सरसकट बंदी घातली नाही. मात्र एकट्यालाच जागा देणारे करार बंद केले आणि काही माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितली. मला हे अपुरं वाटतं. पैसे चालू राहिले तर चौकट कुणाची राहणार, हे उघड आहे.

आपल्या कायद्यात मात्र एक दार उघडलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातला मुख्य निकाल धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला आणि आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालावर त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड यांची सही होती, तो चुकीचा ठरवला. त्या पायावर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. संमती मोकळेपणानं, समजून आणि स्पष्ट कृतीनं दिलेली हवी, असं हा कायदा म्हणतो. आणि ती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावाच लागेल. त्या यादीत मराठी आहे. इंग्रजीची वीस पानं आणि खाली ‘सहमत’, हा प्रकार त्यानंतर चालता कामा नये.

तोवर हातात आहे तेवढं करता येतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये शोधयंत्र बदलता येतं. गुगल खात्यात साठलेला शोधाचा इतिहास पाहता येतो, पुसता येतो, आणि दर तीन महिन्यांनी आपोआप पुसला जाईल असंही लावता येतं. ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना फक्त’ अशी ठेवता येते. नव्या अँड्रॉइड फोनवर जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक काढून टाकता येतो. आजाराबद्दल किंवा कर्जाबद्दल विचारायचं असेल तर निदान ते तरी वेगळ्या शोधयंत्रावर विचारावं. आणि नवा फोन घेताना दुकानदाराला म्हणावं, सुरू मी करतो, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.

मुलांच्या बाबतीत हे सगळं पुरत नाही. माहिती संरक्षण कायद्याचं कलम ९ अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतं. कलम चांगलं आहे. पण खेड्यातल्या कितीतरी घरांत फोन एकच असतो. दहावीतली मुलगी संध्याकाळी वडिलांच्या फोनवर प्रकाशाचं अपवर्तन शोधते, आपल्या वयाचे प्रश्नही शोधते, आणि कंपनीच्या वहीत ती सगळी नोंद एका मोठ्या वयाच्या शेतकऱ्याच्या नावावर पडते. कायद्यानं दिलेलं संरक्षण तिला लागूच होत नाही, कारण त्या फोनवर ती आहे हे कुठं दिसत नाही. नियम लिहिताना घरटी एक फोन ही वस्तुस्थिती धरली गेली नाही. या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळापुढं मराठवाड्यातून ज्या पहिल्या तक्रारी जातील, त्यांत ही असायला हवी.