संगणक-कक्षातील वीजबचत

रुग्णांच्या नोंदी सांभाळणारा आपला सर्व्हर वर्षाचे ३६५ दिवस अहोरात्र चालू असतो. रात्री काम अल्प असतानाही त्याचा प्रोसेसर पूर्ण वेगाने धावत असे. आता काम घटताच त्याची गती व विद्युतदाब आपोआप उतरतात आणि गरज पडताच निमिषार्धात पूर्ववत होतात. अखंड १०० वॅट वाचले, तर वर्षाकाठी ८७६ युनिट वाचतात (हा गुणाकार आम्ही दोनदा पडताळला). वातानुकूलनाचा भार हलका होतो तो निराळाच. मात्र रिकाम्या वेळी डिस्क थांबविण्याची सूचना आम्ही स्वीकारली नाही. थांबलेली डिस्क पुन्हा फिरू लागण्यास काही सेकंद लागतात, आणि मध्यरात्री आलेल्या अत्यवस्थ रुग्णाची औषधांची नोंद तेवढीही अडता कामा नये. तेवढे वीजबिल आम्ही जाणूनबुजून भरीत आहोत.