गॅसच्या अलार्मला गळती कळते कशी?

लाखांदुरात ओळखीच्या एका काकूंनी स्वयंपाकघरातला गॅस अलार्म दाखवून विचारलं, "याले वास येते का गा?"

वास नाही येत. आत टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. हवेतला ऑक्सिजन त्यावर चिकटतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो; विजेला होणारा रोध वाढतो. एलपीजी आला की तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध झपकन उतरतो. अलार्म वाजतो!

१९६२ मध्ये जपानच्या नाओयोशी तागुची यांनी अशा सेन्सरचं पेटंट मागितलं.

या थरातले टिन ऑक्साइडचे कण नॅनो आकाराचे केले की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग प्रचंड वाढतो. साधारण ६ नॅनोमीटरखाली तर संवेदनक्षमता एकदम उसळते. मला यातलं हेच सर्वात सुंदर वाटतं.

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून अलार्म जमिनीजवळ लावा.

तुमच्याकडे कुठे लावलाय? शंका असतील तर विचारा.