दुष्काळी मुलखाचं निरभ्र आकाश

२२ जानेवारी १८९८. शनिवार, पौष अमावास्या. दुपारी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून येऊन विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली. सह्याद्री चढून कऱ्हाड, माण, माळशिरस करत ती काही मिनिटांत इंदापूरवर आली आणि भीमा ओलांडून जेऊरच्या माळावर पोचली. तिथे अमेरिकेतून, जपानमधून आणि पुण्यातून आलेली माणसं यंत्रं रोखून तिच्यासाठीच थांबली होती.

जेऊर आज सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात मोडतं. इंदापूरहून सरळ रेषेत ते वीस-बावीस किलोमीटर, मध्ये काय ती भीमा. कऱ्हा आणि नीरा यांच्या खोऱ्यांतल्या बारामती-इंदापूरच्या या कोरड्या पट्ट्याच्या आकाशाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात नदीपलीकडच्या त्या माळावरून करणं भाग आहे.

जेऊरच का? एक तर ग्रहणाची मध्यरेषा तिथून जवळून जात होती आणि मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन गावालाच होतं. टनावारी सामान बैलगाड्यांतून फार लांब न्यावं लागणार नव्हतं. दुसरं कारण हवेचं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलेला हा मुलूख. बारामती-इंदापूरकडे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही येईल तेव्हा. जानेवारीत तर ढग औषधालाही सापडत नाही. आदल्याच साली, १८९६-९७ च्या दुष्काळात, याच कोरड्या आभाळाकडे डोळे लावून लोक बसले होते. शेतकऱ्याने ज्या आभाळाला शिव्या घातल्या, तेच आभाळ पाहून खगोलशास्त्रज्ञ समुद्र ओलांडून आले.

कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेची तुकडी घेऊन विल्यम वॉलेस कॅम्पबेल आले होते. पत्नी एलिझाबेथही बरोबर होत्या. त्यांच्या सामानातली सर्वांत अजब वस्तू म्हणजे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा. त्याचं भिंग जेमतेम पाच इंचांचं, पण केंद्रांतर चाळीस फूट असल्याने सूर्याची प्रतिमा चार इंचांहून मोठी पडायची. एवढी लांब नळी सूर्यामागे फिरवणं अशक्य. म्हणून युक्ती उलटी केली होती. भिंग उंच मनोऱ्यावर पक्कं बसवायचं, नळी ग्रहणाच्या वेळी सूर्य जिथे असेल तिकडे तिरकी रोखून ठेवायची, आणि खालच्या टोकाला फोटोची काच घड्याळी यंत्राने रुळांवरून हळूहळू सरकवायची. सूर्याची प्रतिमा जितकी सरकते तितकीच काचही सरकते, म्हणून चित्र हलत नाही. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात कोणी कुठली काच घालायची, कोणी झाकण काढायचं, कोणी सेकंद मोजायचे, याच्या तालमी आधी पुन्हा पुन्हा झालेल्या असत. एक काच अडकली की पुढची सगळी गणितं बिघडायची.

त्याच माळावर पुण्याची तुकडीही होती आणि खरं तर या हकिगतीत तिला जास्त जागा मिळायला हवी. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले, म्हणजे आजच्या सीओईपीतले, प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी गणली जाई. जेऊरला त्यांना हवा होता फ्लॅश स्पेक्ट्रम. चंद्राने सूर्याची शेवटची कोर झाकली की क्षण-दोन क्षण सूर्याच्या कडेवरचा पातळ तप्त थर तेवढा उघडा राहतो. त्याच्या वर्णपटात एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा एकदम लखलखीत उजळतात आणि लगेच विझतात. त्या रेषांवरून त्या थरात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. नायगमवालांनी या ग्रहणाचा सविस्तर अहवाल पुढे १९०२ मध्ये छापला.

त्या दिवशी विजयदुर्गावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर होते, वऱ्हाडातल्या तळणीला अ‍ॅनी मॉन्डर होत्या. मॉन्डरबाईंच्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळातला, म्हणजे करोनातला, इतका लांब झोत टिपला की मोठ्या यंत्रवाल्यांनी तोंडात बोटं घातली. विजयदुर्गाची गोष्ट आजही मोठ्या हौसेने सांगितली जाते, मात्र तिच्यात एक घोळ आहे. लॉकियरनी हेलियम विजयदुर्गावरून शोधला असं सर्रास लिहिलं जातं. ज्या ग्रहणापासून हेलियमची कथा सुरू होते ते ऑगस्ट १८६८ चं, आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर यंत्रांसाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ तीस वर्षांनंतरचे, १८९८ चे आहेत. पण ओटे राहिले म्हणून आठवणही राहिली. जेऊरचं नाव या बाबतीत फारसं कोणाच्या तोंडी येत नाही.

काळ तसा सुखाचा नव्हता. मुंबई-पुण्यात प्लेग होता, आदल्या जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर प्राणघातक हल्ला झाला होता. लोकमान्य टिळक तुरुंगात होते. ज्या माणसाने १८९३ साली ‘ओरायन’ लिहून वसंतसंपात एकेकाळी मृगशीर्षात होता हे वेदांवरून मांडलं, त्याच्या वाट्याला हे ग्रहण तुरुंगात आलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ छापून दोन वर्षं होत होती. रात्रीचं आकाश सामान्य माणसाला घरबसल्या ओळखता यावं म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ही लिहिलं होतं. ग्रहणानंतर तीन महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, ते वारले.

इंदापूरच्या बाजूला त्या दुपारी कोणाला काय वाटलं, याचा अहवाल कोणी छापला नाही. पण इथल्या माणसाला आकाश अनोळखी होतं असं समजायचं कारण नाही. त्याचं पंचांगच नक्षत्रांवर चालतं. मृगाशी गाठ पडली तर पडली. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊसही कऱ्हाटीत बहुधा शिंतोड्यांवर निभावतात. खरी भिस्त उत्तरा आणि हस्तावर. हत्तीचा पाऊस झाला तर शाळू पिकतो, नाही तर चाऱ्याचीही पंचाईत.

यात एक गंमत आहे, जी शाळेच्या पुस्तकात फारशी सांगत नाहीत. ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा मृगाच्या चांदण्या रात्री दिसतच नाहीत. त्या दिवसांत सूर्य त्यांच्याच बाजूला असतो, म्हणून त्या त्याच्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. मृग पाहायचा तर डिसेंबरात, अंधार पडल्यावर पूर्वेला, जेव्हा शेतात शाळू उभा असतो. म्हणजे पावसाचं नक्षत्र हे न दिसणारं नक्षत्र असतं, ते हिशेबानेच कळतं. आणि हिशेबही स्थिर नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथपणे डोलतो, त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. टिळकांची सगळी मांडणी याच सरकण्यावर उभी होती. जेऊरच्या ग्रहणापासून आजवर मृगाची तारीख दोनेक दिवस पुढे गेली आहे. नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव यावर पाऊस ठरत नाही हे खरं, पण वाहनाला हसताना त्यामागच्या सूर्याच्या चोख हिशेबाला हसू नये.

अक्षांशाचंही तसंच. बारामती-इंदापूर साधारण १८ अंश उत्तरेवर आहेत. हात लांब करून वीत ताणली तर ती जवळपास वीस अंशांची होते. म्हणून इथून ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर एक वीत सापडतो. आणि फेब्रुवारीच्या संध्याकाळी तोंड दक्षिणेला केलं तर अगस्त्यही बरोबर तेवढाच, एक वीत वर. कॅम्पबेल ज्या वेधशाळेतून आले तिथून अगस्त्य क्षितिजाला घासून जातो. तोच तारा जेऊरच्या जानेवारीतल्या रात्रींत त्यांना चांगला वीतभर वर दिसला असणार. मे महिन्यात दक्षिणेला त्रिशंकूही दिसतो. मेच्याच दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस जुलैअखेरीला दुसऱ्यांदा येतो, पण तेव्हा आभाळ मोकळं मिळेल याची खात्री नाही.

जेऊरनंतर सगळे पांगले. कॅम्पबेल लिक वेधशाळेचे संचालक झाले. १९२२ साली ऑस्ट्रेलियातल्या वॉलल इथे आणखी एका ग्रहणात ताऱ्यांचे फोटो घेऊन त्यांच्या तुकडीने आइनस्टाइनच्या सिद्धांताला भक्कम पुरावा दिला. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद पडली. वीस इंची दुर्बीण कोडाइकनालला गेली. एका माणसाच्या उत्साहावर उभी असलेली संस्था त्याच्यामागे टिकली नाही. हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की त्याचं वाईटही वाटेनासं झालंय. पुण्यात हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था उभी राहायला १९४४ उजाडलं.

जमीन मात्र पालटत गेली. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी जेऊरच्या ग्रहणाआधीच बारामती-इंदापुरात पोचलं होतं. कालव्याखालच्या रानात ऊस आला, मग साखर कारखाने आले. १९८० च्या सुमारास उजनी धरण भरलं आणि इंदापूर व जेऊर यांच्यामधली भीमा पसरून जलाशय झाली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, ते उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर दिसतं. त्याच १९८० च्या १६ फेब्रुवारीला खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला. महाराष्ट्रात ते खंडग्रासच होतं, तरी रस्ते ओस पडले. लोक दारं लावून घरात बसले. बिनढगांच्या फेब्रुवारीत केवढी मोठी संधी दवडली! १९९५ पर्यंत हवा बदलली. त्या वर्षी ऑक्टोबरातल्या खग्रास ग्रहणातली ‘हिऱ्याची अंगठी’ लाखोंनी टीव्हीवर पाहिली आणि काळे चष्मे बाजारात आले. १९९७ च्या वसंतात हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, त्याला ना तिकीट लागलं ना दुर्बीण. जुलै २००९ च्या ग्रहणाने मात्र पावसाळा गाठला आणि देशात बऱ्याच ठिकाणी पाहणाऱ्यांच्या हाती ढगच लागले.

इंदापूर तालुक्याचा आकाशाशी आणखी एक संबंध आहे, तो दुर्बिणीचा नव्हे, लोखंडाचा. कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसलं. साखर कारखान्यांची यंत्रं घडवणारं हे गाव पुढे इस्रोसाठी अग्निबाणांची कवचं घडवू लागलं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं घन इंधन ज्या २.८ मीटर व्यासाच्या पोलादी नळकांड्यात भरतात, तसली नळकांडी इथल्या शॉपमध्ये वळली आणि जोडली गेली. २००८ चं चांद्रयान आणि २०१३ चं मंगळयान पीएसएलव्हीनेच नेलं. चांद्रयान-३ च्या अग्निबाणाला दोन बाजूंनी जे एस-२०० बूस्टर होते, त्यांच्या कवचांतही वालचंदनगरचा हात आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे उतरलं तेव्हा नीरेकाठच्या कित्येक घरांतून टाळ्या पडल्या असतील त्या नुसत्या प्रेक्षकांच्या नव्हत्या.

आता आभाळाला त्रास ढगांचा कमी आणि दिव्यांचा जास्त आहे. एमआयडीसीचे, पेट्रोल पंपांचे, कारखान्यांच्या गळीत हंगामातले झोत. बारामतीच्या चौकातून मृगाचे तीन तारे दिसतात, कृत्तिकांचा पुंजका जेमतेम. आकाशगंगेचा पट्टा पाहायचा तर सुप्याच्या माळावर किंवा उजनीच्या काठावर जावं लागतं. जिरायती गावं अजून बरी आहेत, जिथे पाणी पोचलं नाही तिथे दिवेही कमी पोचले.

एखाद्या ठिकाणावरून खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा दिसतं, तेव्हा १८९८ ची पुनरावृत्ती घरबसल्या होईल असं इंदापूरकरांनी धरू नये. खंडग्रास मात्र जवळ आहे. २ ऑगस्ट २०२७ ला खग्रास पट्टा स्पेन, इजिप्त करत सोमालियाकडे उतरेल आणि पश्चिम भारतातून उतरत्या दुपारी सूर्याचा काही भाग झाकलेला दिसेल. तारीख पुष्य नक्षत्राच्या अखेरीची, म्हणजे म्हाताऱ्या पावसाची. त्या दिवशी शेतकरी ढग मागेल आणि शाळेतली पोरं ऊन मागतील. पाहायचं असेल त्याने पश्चिमेला झाड-इमारत आड येणार नाही अशी जागा हेरून ठेवावी, आणि ग्रहणाचे चष्मे जुलैतच आणावेत. ऐन वेळी ते दुकानात मिळत नाहीत.