कॉकपिटमधून थेट डोळ्यात!

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आता काय मोठंसं? सकाळी जायचं, दुपारी घरी. पण आईच्या डोळ्यात बसवलेली ती चिमुकली लेन्स मुळात आली कुठून, हे शोधायला गेले आणि थेट दुसऱ्या महायुद्धात पोहोचले!

ऑगस्ट १९४०. ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हरच्या हरिकेन विमानाला गोळ्या लागल्या. कॉकपिटचं छत फुटलं आणि पर्सपेक्स प्लॅस्टिकचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. उजवा डोळा कायमचा गेला. डावा तपासताना डॉ. हॅरॉल्ड रिडली मात्र चक्रावले. एरवी डोळ्याला बाहेरचा कणही खपत नाही, इथे तुकडे आत असूनही डोळा शांत!

तेव्हा मोतीबिंदू काढला की जाड भिंगांचा चष्मा नशिबी यायचा. रिडलींना वाटलं, असल्याच प्लॅस्टिकची लेन्स आत बसवली तर? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी ती बसवलीसुद्धा. बडे डॉक्टर खवळले. डोळ्यात गेलेली वस्तू काढायची असते, घालायची नसते, असा त्यांचा हेका. अमेरिकेत एफडीएची मान्यता मिळायला १९८१ उजाडलं. रिडली ‘सर’ झाले २००० साली, वयाच्या ९३व्या वर्षी.

आणि क्लीव्हर? उतारवयात त्याच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. तो वाचवला त्याच लेन्सने. तेव्हा आईबाबांचं ऑपरेशन टाळत असाल, तर आता अपॉइंटमेंट घेऊनच टाका!