दातवणाची काडी आणि मागची दाढ

मुलांनो, दातवण कसं करतात ठाऊक आहे? कडुनिंबाची किंवा बाभळीची कोवळी काडी घ्यायची. टोक थोडं सोलायचं आणि दाढेखाली सावकाश चावायचं. तंतू सुटे झाले की कुंचला तयार! दात घासून झाल्यावर काडी उभी चिरली की जीभही साफ करता येते. सुश्रुतसंहितेत दातवणाचं मापच दिलंय. लांबी बारा अंगुळं, म्हणजे एक वीत. जाडी करंगळीइतकी. कडू झाडांत कडुनिंब श्रेष्ठ, तुरट झाडांत खैर, असंही त्यात म्हटलंय. अरबस्तानात पिलूच्या झाडाची काडी वापरतात, तिला मिसवाक म्हणतात. जिथे अशी रीत आहे तिथे ती चालू ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही १९८०च्या दशकात सांगितलं होतं.

मग ब्रश टाकून द्यायचा? थांबा हं!

आमच्या वर्गात काडीनं दात घासणारा एक मुलगा आहे. पुढचे दात कसे मोत्यासारखे! पण ‘आ’ करायला लावलं, तर खालच्या दाढेत काळं भोक. काडीचे तंतू सरळ पुढे असतात, ब्रशसारखे आडवे नसतात. त्यामुळे दाढांच्या आतल्या बाजूला काडी नीट पोचत नाही.

त्याची आई म्हणाली, “बाई, दुधाची दाढ आहे, पडंल की!” पालकांनो, इथेच घोटाळा होतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची! गेली तर पुन्हा येत नाही. या मुलाची दाढ वेळेवर भरून घेतली म्हणून वाचली.

दात किडू नयेत म्हणून लागणारं फ्लोराइडही काडीतून पुरेसं मिळत नाही. तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टनं सकाळी आणि रात्री ब्रश करायचाच. काडी त्याशिवाय, हौसेनं.

कण्हेर, रुई, शेर यांची काडी तोंडात अजिबात घालू नका, ही झाडं विषारी आहेत. आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. घरात कुणी लावत असेल, तरी तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही.

काडीचं वापरलेलं टोक रोज कापून टाका, उद्या नवं टोक चावा. आणि हो, शाळेतली रोपं ओरबाडू नका बरं! मोठ्या झाडाची एक डहाळी आठवडाभर पुरते.