शर्यतीचा घोडा उडीसाठी पारखताना

थरोब्रेड ही घोड्यांची जात सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये निव्वळ वेगासाठी जोपासली गेली आणि बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून आणलेल्या तीन नरांपर्यंत तिची पितृवंशावळ जाऊन पोहोचते. शो जंपिंगमध्ये, म्हणजे आखलेल्या मार्गावरील अडथळे न पाडता ठरावीक वेळेत ओलांडण्याच्या स्पर्धेत, आज युरोपातील वॉर्मब्लड हे मुद्दाम उडीसाठी पैदास केलेले घोडे वरचढ ठरतात. तरीही १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फार्गिस या अमेरिकी स्वाराला वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके मिळाली, ती टच ऑफ क्लास या थरोब्रेड घोडीवर. आणि या घोडीने शर्यतीच्या मैदानावर एकदाही विजय मिळवला नव्हता.

म्हणूनच शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा उडीसाठी घेताना त्याने किती शर्यती जिंकल्या यापेक्षा तो किती शर्यती धावला आणि का थांबला, हे आधी विचारावे लागते. अनेक हंगाम धावून केवळ वेग कमी पडला म्हणून काढलेल्या घोड्याने पायांच्या टिकाऊपणाची परीक्षा बव्हंशी दिलेली असते; उलट दोन-चार धावांतच बाजूला पडलेल्या देखण्या घोड्यामागे एखादी जुनी दुखापत असू शकते.

या दुखापतीची खूण बहुधा पुढच्या पायांच्या नळीमागे सापडते. तेथील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, फाटून भरला असेल, तर तो बाहेरच्या बाजूला फुगीर दिसतो. त्यामुळे जाणकार खरेदीदार पाय उचलून धरतो, बोटांच्या चिमटीत कंडरा वरपासून खालपर्यंत चाचपतो आणि दोन्ही पायांची जाडी व उष्णता ताडून पाहतो. पशुवैद्य सांधा सुमारे मिनिटभर दुमडून धरतात आणि लगेच घोड्याला दुडक्या चालीने पळवतात. त्या वेळी तो लंगडला, तर क्ष-किरण तपासणीची गरज वाढते. तपासणी खरेदीदाराने स्वतः नेमलेल्या वैद्याकडून करून घेणे श्रेयस्कर, कारण विक्रेत्याच्या वैद्याची बांधिलकी विक्रेत्याशी असते.

पाय निर्दोष ठरले, की चाल पाहायची. उडीचा उगम कँटर या तीन ठेक्यांच्या चालीत असल्याने ती तोलदार आहे का, मागचे पाय पोटाखाली पुरेसे येतात का, हे महत्त्वाचे असते. स्वाराशिवाय लहान अडथळ्यावरून सोडले असता घोडा पुढचे गुडघे वर घेऊन पाठ कमानीसारखी वळवत असेल, तर त्याच्यात उडीची उपजत जाण आहे असे मानतात. दांडीला खूर लागल्यावर पुढच्या खेपेला तो अधिक उंच उडाला, तर ती सावधगिरीची चांगली खूण ठरते.

स्वभावाची पारख मात्र पाहणीच्या एका दिवसात पुरी होत नाही, कारण शर्यतीचा तबेला, भरपूर दाण्याचा खुराक आणि थोडाच वेळ मिळणारी मोकळीक यांमुळे शांत घोडाही उतावळा वाटू शकतो. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरील अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये असे निवृत्त घोडे नव्याने शिकवून स्वारीसाठी वापरले जातात. थरोब्रेडची किंमत तुलनेने कमी असते, हे खरे. पण त्याला विश्रांती देण्यात, नवी चाल आणि लगामाची नवी भाषा शिकवण्यात कित्येक महिने जातात. नवख्या स्वाराजवळ अनुभवी प्रशिक्षक नसेल, तर स्वस्तात मिळालेला घोडाही त्याला महागच पडतो.